पाचट कुजवायचं कसं: पहिला खोडवा राखणाऱ्यांसाठी

ऊस तुटतो, टोळी पुढच्या रानात जाते, वाढे जनावरांना जातात आणि मागे उरतं गुडघाभर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं. पहिल्यांदाच खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारं पीक, राखणाऱ्याला ते बघून धडकी भरते. सरी दिसत नाही, बुडखे दिसत नाहीत, पाणी पुढे कसं सरकणार ते कळत नाही. अशा वेळी बांधावर उभं राहून ‘काडी लावा आणि मोकळे व्हा’ सांगणारा कुणी ना कुणी भेटतोच. त्याचं ऐकू नका. आठ-दहा दिवस कष्टाचं काम आहे, पण त्यानंतरचं काम मातीतले जिवाणू करतात, आणि ते तुमच्या रानात आधीपासूनच आहेत. त्यांना उपाशी किंवा तहानलेलं ठेवायचं नाही, एवढंच आपल्याकडे राहतं.

हे सगळं पश्चिम महाराष्ट्रातल्या मध्यम ते भारी जमिनीतल्या, सरीतल्या उसाला धरून लिहिलं आहे. आकडे एकरी आहेत.

पाचट कोण खातं, आणि कसं

वाळलेल्या पाचटाचा साधारण दोन-पंचमांश भाग सेल्युलोज असतो. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचे हजारो मणी एकाच माळेत ओवलेले. उसाच्या रसात साखर आहे तशी पाचटातही आहे, फक्त तिची गुंफण अशी की आपल्या पोटाला ती सुटत नाही. या माळा एकमेकींना घट्ट बिलगून असतात आणि त्यांच्यावर लिग्निन या टणक, लाकडी पदार्थाचं लिंपण असतं. गाय-म्हैस कडबा खाते तेव्हासुद्धा ही गुंफण ती स्वतः सोडवत नाही, तिच्या पोटातले सूक्ष्मजीव सोडवतात.

रानात हेच काम सेल्युलोमोनास, बॅसिलस, सायटोफागा असे जिवाणू करतात. त्यांच्या जोडीला स्ट्रेप्टोमायसिससारखे धाग्यासारखे वाढणारे जिवाणू असतात. पहिल्या पावसाला मातीचा जो वास सुटतो, तो मुख्यतः यांचाच. ट्रायकोडर्मा आणि ॲस्परजिलस या बुरशींचा वाटाही मोठा आहे. लिग्निनचं लिंपण काढण्यात तर बुरशीचाच हात पुढे असतो. ‘जिवाणू की बुरशी’ असा वाद घालण्यात अर्थ नाही, रानात दोघं एकाच पानावर बसलेले असतात.

जिवाणूला तोंड नसतं. तो आपली विकरं म्हणजे एन्झाइम अंगाबाहेर, पानावर सोडतो. एक विकर माळ मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन मणी सोडवत जातं, तिसरं त्या जोडीचे सुटे मणी करतं. मग विरघळलेलं ग्लुकोज जिवाणू शोषून घेतो. हे सगळं पाण्याच्या पातळ थरातून होतं. पान कोरडं असेल तर विकर जागचं हलत नाही आणि ग्लुकोजही जिवाणूपर्यंत पोचत नाही. वर्षभर तसंच पडून राहिलेलं पाचट पाहिलं की माझा पहिला प्रश्न ‘कोणतं कल्चर (विकत मिळणारे कुजवणारे जिवाणू) टाकलं?’ असा नसतो. ‘ते भिजलं होतं का?’ असा असतो.

नत्राचा हिशेब आधी समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पिवळा पडलेला खोडवा पाहून घाबरायचं नसेल तर वाचाच.

एक टन वाळलेल्या पाचटात साधारण ४२० किलो कर्ब (कार्बन) असतो आणि नत्र (नायट्रोजन) जेमतेम ४ ते ५ किलो. म्हणजे कर्ब-नत्राचं प्रमाण १००:१ च्या आसपास. जिवाणूच्या स्वतःच्या शरीरात हेच प्रमाण ८:१ च्या जवळ असतं. खाल्लेल्या कर्बातला मोठा भाग तो श्वासावाटे हवेत सोडतो. तो हिशेबात धरला तरी सुखाने वाढायला त्याला २५ ते ३० ला १ या प्रमाणातलं खाणं लागतं. पाचटात तेवढं नत्र नाही. मग तो ते मातीतून ओढतो, आणि त्याच वेळी बुडख्यातून कोवळे फुटवे निघत असतात. नत्राच्या ओढाताणीत जिवाणू पिकाच्या आधी पोचतो. फुटवे पिवळे पडतात आणि लोक म्हणतात, ‘पाचटामुळे खोडवा गेला.’

म्हणून टनाला ८ किलो युरियाची शिफारस आहे. त्यातून ३.७ किलो नत्र मिळतं आणि प्रमाण १००:१ वरून ५०:१ च्या जवळ येतं. उरलेली तूट माती भरून काढते आणि कर्ब हवेत जाईल तशी ती कमीही होते. जिवाणूंनी घेतलेलं नत्र कुठे पळून जात नाही. ते मेले की पुढच्या महिन्यांत तेच नत्र उसाला मिळतं. पाचट जाळलं तर मात्र त्यातलं जवळजवळ सगळं नत्र धुरात जातं.

आधी ठरवा: हा खोडवा राखण्याजोगा आहे का?

लागणीच्या उसात काणी किंवा गवताळ वाढ हे रोग जास्त दिसले असतील, तर खोडवा ठेवूच नका. तोड फेब्रुवारीच्या मध्यानंतर झाली असेल, तरीही नको. उशिराच्या खोडव्याला फुटवे फुटायच्या वेळीच ऊन गाठतं. पाणी साचून राहणाऱ्या चोपण रानात पाचटाचा थर आणखी ओल धरतो आणि खाली हवा पोचत नाही. तिथे आधी चर काढून निचऱ्याची सोय करा.

पहिलं काम: बुडखे उघडे करणं

तोड झाल्यावर आठवड्याच्या आत वरंब्यावरचं, बुडख्यांवरचं पाचट ओढून सरीत घाला. पायात बूट हवेतच आणि हातात लांब दांड्याचं दाताळं. पाचटात साप असतो, हे अंधश्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. हाताने कवळ उचलायची नाही.

मग धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटायचे. उंच बुडखा राहिला तर वरच्या डोळ्यांतून फुटवा येतो, त्याची मुळं जमिनीवर अधांतरी राहतात आणि तो कमजोर निघतो. जमिनीखालच्या डोळ्यातून आलेला फुटवाच पुढे ऊस होतो. छाटणीनंतर बुडख्यांवर कार्बेन्डाझिमचं फवारणी-पाणी मारतात, लिटरला १ ग्रॅम. ते फक्त बुडख्यावर पडू द्या, सरीतल्या पाचटावर नको. जिवाणूंचं कल्चर आणि बुरशीनाशक एका पंपात कधीच मिसळू नका.

दुसरं काम: कुट्टी, जमली तर

ट्रॅक्टरवर चालणारी पाचट कुट्टीची यंत्रं आता बऱ्याच गावांत भाड्याने मिळतात. तुकडा जितका लहान, तितक्या जास्त कडा उघड्या पडतात आणि विकरांना शिरायला वाट मिळते. उसाच्या पानावर मेणचट थर असतो, त्यामुळे अखंड पान पाणी झटकतं. चिरलेलं पान पाणी धरतं. कुट्टी करून नीट भिजवलेलं पाचट साधारण साडेतीन-चार महिन्यांत काळं पडून हातात चुरतं. अखंड पाचटाला पावसाळा धरून सहा महिने किंवा जास्तही लागतात.

यंत्र मिळालं नाही म्हणून पाचट जाळायचं कारण नाही. अखंड पाचटही कुजतं, फक्त धीर धरावा लागतो आणि पुढच्या कामांत पाय अडकतात. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचं पाचट तुकडे होऊनच पडतं, तिथे हा खर्च वाचतो.

तिसरं काम: युरिया, सुपर आणि जिवाणू

एकरी पाचट ३ ते ४ टन निघतं. चार टन धरून हिशेब असा:

युरिया ३२ किलो
सिंगल सुपर फॉस्फेट ४० किलो
पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर ४ किलो (पावडर)

सुपर फॉस्फेटमधून जिवाणूंना स्फुरद (फॉस्फरस) मिळतं, शिवाय गंधक आणि कॅल्शियमही. त्याच्या जागी डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत) टाकू का, असं पुष्कळ जण विचारतात. घरात शिल्लक असेल तर चालेल, पण त्यात गंधक नाही आणि त्यातल्या नत्राएवढा युरिया कमी करावा लागेल. मी सुपरच घेतो.

युरिया फेकून घरी जाऊ नका. पाचटावर युरिया फोडणारं विकर भरपूर असतं. ओलसर पाचटावर पडलेला युरिया पाण्याने खाली उतरला नाही, तर दोन-तीन दिवसांत त्यातला बराच भाग अमोनिया होऊन उडतो. डोळ्यांना झोंबणारा वास आला म्हणजे आपले पैसे हवेत चालले आहेत. पाण्याची पाळी ज्या दिवशी आहे त्याच दिवशी युरिया टाका. पाणी यायला उशीर असेल तर युरियाही थांबवा.

कल्चर थेट फेकायचं नाही. चार किलो पावडर दोन-तीन पाट्या कुजलेल्या, ओलसर शेणखतात कालवा, सावलीत गोणपाटाखाली रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचटावर विखरून टाका. रासायनिक खतात मिसळू नका. पाकिटावरची शेवटची तारीख बघूनच घ्या. दुकानात ते पाकीट उन्हाच्या काचेमागे ठेवलेलं दिसलं तर तारीख बरी असली तरी नको म्हणा. कृषी विद्यापीठांची जैविक खतांची केंद्रं, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि काही कारखाने हे कल्चर देतात.

गाझियाबादच्या राष्ट्रीय जैविक शेती केंद्राचं (आताचं राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्र) वेस्ट डीकंपोझर हे कुजवणारं कल्चरही बरेच जण वापरतात. २०० लिटर पाण्यात २ किलो गूळ विरघळवून त्यात बाटलीतलं कल्चर सोडायचं, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, वर कापड बांधायचं. पाच-सात दिवसांत द्रावण तयार होतं. पाटाच्या पाण्यासोबत ते सोडता येतं.

आता कल्चरबद्दल माझं स्पष्ट मत. एका एकरातली वरच्या सहा इंचांची माती साधारण ९ लाख किलो भरते आणि तिच्या एकेका ग्रॅममध्ये कोट्यवधी जिवाणू असतात. त्या वस्तीत आपण ४ किलो पावडर नेऊन टाकतो. तिचा उपयोग होतो, कारण ती नेमकी पाचटावर पडते आणि कुजण्याची सुरुवात लवकर होते. वर्षानुवर्षं जाळत आलेल्या रानात तर मी ती टाकाच म्हणेन. पण हाती पैसे थोडे असतील आणि कल्चर किंवा युरिया-पाणी यांतलं एकच जमणार असेल, तर युरिया-पाणी निवडा. कल्चरविना पाचट कुजल्याचं मी पाहिलंय, ओलीविना कुजल्याचं कधी नाही.

चौथं काम: भिजवणं आणि तुडवणं

पहिलं पाणी सावकाश चालतं. पाचटाने भरलेल्या सरीतून ते नेहमीच्या वेळात टोकाला पोचत नाही, म्हणून लांब सऱ्या मधे तोडून घ्या आणि त्या दिवशी दारं धरायला एक माणूस जास्त ठेवा. पाणी देऊन तीन-चार दिवसांनी रान वाफशावर आलं, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही असं झालं, की सरीतून चालत जा आणि पाचट पायाने दाबा. नुसतं पसरलेलं पाचट मातीपासून चार बोटं वर तरंगत असतं. वरचा थर वाळतो, जिवाणू खाली ओल्या मातीत राहतात आणि दोघांची गाठच पडत नाही. दाबलं की खालचा थर मातीला चिकटतो आणि तिथून कुजणं वर चढत जातं. हे काम कुणी फारसं सांगत नाही, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी हेच.

ओल कळायला सोपी परीक्षा आहे. थराच्या खालचं मूठभर पाचट घेऊन घट्ट पिळा. तळहात ओला झाला आणि बोटांतून एखादा थेंब डोकावला तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त झालं, हात कोरडा राहिला तर पाळी द्या.

उकिरड्यासारखी वाफ निघेल, हात भाजेल, अशी वाट बघू नका. ढिगात उष्णता कोंडते, म्हणून तो ५५-६० अंशांपर्यंत तापतो. सरीतला वीतभर थर तापत नाही. तो थंडच कुजतो.

ठिबकवाल्यांसाठी

माझी पहिली चूक इथेच झाली. माझ्या नळ्या वरंब्यावर बुडख्यालगत होत्या आणि पाचट सरीत. कल्चर टाकलं, युरिया टाकला, ठिबक रोज चालू. एप्रिलमध्ये पाचट उचलून पाहिलं तर पहिल्या दिवशी होतं तसंच, सोनेरी आणि खडखडीत. पाणी बुडख्याला मिळत होतं, पाचटाला नाही. ते कुजलं थेट पावसाळ्यात.

ठिबक असेल तर निदान सुरुवातीची दोन पाणी पाटाने किंवा तुषारने द्या. तेवढं पाणी नसेल तर पाचट कुट्टी करून नळीच्या दोन्ही अंगांना, थेंब पडतो त्या पट्ट्यात येईल असं पसरा. हेही जमलं नाही तर पाचट आच्छादन म्हणून राहील, तण दाबेल, ओल टिकवेल आणि पावसात कुजेल. तोही तोटा नाही, पण मग युरियाचा आणि कल्चरचा खर्च जूनपर्यंत थांबवा.

उसाचं खत कुठे घालायचं?

पाचटावर नाही. वर सांगितलेला युरिया आणि सुपर जिवाणूंसाठी, उसाची खतमात्रा वेगळी. ती माती परीक्षणाप्रमाणे ठरवा आणि पहारीने द्या. पहिली निम्मी मात्रा तोडीनंतर १५ दिवसांत, बुडख्यापासून १० ते १५ सेंमी अंतरावर, १५ ते २० सेंमी खोल छिद्र घेऊन. दोन छिद्रांत ३० सेंमी अंतर. उरलेली निम्मी साधारण १३५ दिवसांनी बुडख्याच्या दुसऱ्या बाजूला. खत खोल गेलं की मुळांना मिळतं. पाचटावरचे जिवाणू त्याच्यावर हात मारत नाहीत आणि तणालाही ते सापडत नाही. पहारीच्या कामाला मजुरी लागते हे खरं आहे, पण हे काम वगळून नुसतं पाचट ठेवलं की फुटवे पिवळे पडतात आणि दोष पाचटावर येतो.

पुढचे चार महिने काय बघायचं?

दर पंधरा दिवसांनी तीन-चार ठिकाणी थर उचलून बघा. पहिल्या महिन्यात खालच्या पानांवर पांढरे बुरशीचे धागे दिसले तर आनंद माना, फवारणी काढू नका. नंतर पानं तपकिरी, मग काळपट होतात, शीर राहते आणि मधला भाग चाळणीसारखा होतो. वास पावसाळी मातीसारखा यायला हवा. आंबूस किंवा सडक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी साचलं आहे आणि हवा संपली आहे. तिथे हवेविना जगणारे जिवाणू काम करू लागलेत, त्यांचं काम संथ चालतं आणि मुळांनाही ती जागा मानवत नाही. पाणी तोडा.

पहिल्या दीड-दोन महिन्यांत पाचटाला आगीचा धोका असतो. शेजारच्या रानातून ठिणगी यायला वेळ लागत नाही. बांधाकडेच्या दोन-तीन सऱ्या आधी भिजवा आणि बांधालगत हातभर पट्टा साफ ठेवा.

पहिल्याच वर्षी माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसेल अशी आशा धरू नका. चार टन पाचटात कर्ब सुमारे १,७०० किलो. त्यातला निम्म्याहून बराच जास्त जिवाणू हवेत सोडतात. ५०० किलो मागे राहिला असं धरलं तरी ९ लाख किलो मातीत तो ०.०५ टक्क्यांच्या आसपास भरतो, आणि तोही पुढे हळूहळू कमी होतो. नमुना घेतानाच एवढा फरक पडतो. बदल आधी हाताला कळतो. ढेकूळ सहज फुटतं, पाण्यानंतर वाफसा लवकर येतो, गांडुळांची विष्ठा दिसू लागते. कागदावर यायला तीन-चार खोडवे जावे लागतात.

ज्यांच्याकडे ऊस नाही, पऱ्हाटी (कापसाच्या काड्या) किंवा तुराट्या (तुरीच्या काड्या) आहेत, त्यांना हे जसंच्या तसं लागू नाही. त्या काड्यांत लिग्निन जास्त, त्या रानात पसरून कुजत नाहीत. त्यांची कुट्टी करून यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नाडेप पद्धतीने, भोकं ठेवलेल्या विटांच्या टाक्यात शेण-मातीचे थर देऊन खत करणं बरं.

चिंधी पुरून बघा

हे सगळं सुरू करण्याआधी एक काम करा, त्याला पैसा लागत नाही. जुन्या शुद्ध सुती धोतराचे वीतभर चौकोनी तुकडे फाडा. टेरिकॉट नको, त्यातला पॉलिस्टर जिवाणू खात नाहीत. सूत म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज, म्हणून रानातल्या जिवाणूंची भूक त्यावर लगेच दिसते. प्रत्येक तुकड्याला नायलॉनची दोरी बांधा आणि सहा इंच खोल पुरा. एक पाचट ठेवायच्या सरीत, एक बांधाखाली झाडाच्या सावलीतल्या मातीत, एक नेहमी जाळल्या जाणाऱ्या तुकड्यात. दोऱ्या वर खुंटीला बांधा, तारीख लिहून ठेवा. तिन्ही जागा सारख्या ओल्या ठेवा, नाहीतर फरक पाण्याचा आहे की जिवाणूंचा ते कळणार नाही.

दोन महिन्यांनी उकरा. बांधाखालच्या चिंधीची बहुधा जाळी उरलेली असेल. रानातली चिंधी तशीच विरलेली निघाली, तर कल्चरचे पैसे वाचवा आणि फक्त युरिया-पाणी सांभाळा. ती जवळजवळ अख्खी, धुऊन परत वापरावी अशी निघाली, तर त्या सरीत कल्चरसोबत बांधाखालची चार पाट्या माती आणि कुजलेलं शेणखत टाका, आणि दुसरी चिंधी तिथेच पुरा.